कळा आणि कुलपं

रामाकोना गावच्या पुंडलिकरावांकडे कुठे कुठे कुलपं आहेत, हे शहाऐंशी सालच्या कार्तिकात साऱ्या गावाला पाठ झालं. एरवी हे कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. घर शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी. कापूस होता, संत्र्याची बाग होती, आणि किल्ल्यांचा जुडगा मनकर्णाबाईंच्या कमरेला होता. पण त्यांची धाकटी लेक जयश्री पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि घरातली एकेक पेटी चव्हाट्यावर आली.

जुन्या घरांतून एक रीत होती. बाईला कळा सुरू झाल्या की घरात जे जे बांधलेलं, झाकलेलं, अडकवलेलं असेल ते सारं मोकळं करायचं. कुलपं काढायची, पेट्यांची झाकणं वर करायची, पोत्यांच्या सुतळ्या सोडायच्या, बाईची वेणी सोडायची, गोठ्यातली दावी सोडायची. म्हणजे बाळाची वाटही कुठे अडत नाही. बाकीच्या घरांत एखादी पेटी उघडून रीत पाळल्याचं समाधान करून घेत. मनकर्णाबाईंना अर्धवट काम आवडत नसे.

त्याला कारण होतं, आणि ते त्यांनी लेकीला कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या पहिल्या वेळी कापसाची वेचणी चालू होती. वावरातच कंबर भरून आली. सासूबाई कापसाच्या शेजारच्या ओळीत होत्या. त्या म्हणाल्या, "खोट्या हायेत. काम करत राह्य, थांबतीन." सासू वाईट नव्हती, वेचणी मात्र उरकायची होती. उन्हं कलायच्या आधी कापसाच्या ढिगामागे मुलगा झाला आणि तो रडला नाही. सगळ्यांत जास्त सासूबाईच रडल्या. मग घरी आल्यावर कारणाचा शोध सुरू झाला, आणि मनकर्णाबाईंनी माहेरून आणलेली पेटी कुलूपबंद सापडली. किल्ली त्यांच्याच कमरेला होती. कोणी एका शब्दाने दोष दिला नाही. सगळ्यांनी फक्त पेटीकडे पाहिलं.

त्यानंतरच्या प्रत्येक बाळंतपणात मनकर्णाबाईंनी दोन कळांच्या मध्ये उठून स्वतःच्या हाताने घर उघडलं. ती सारी लेकरं जगली. याहून वेगळा पुरावा कोणाला हवा असेल तर तो माणूसच हट्टी म्हणायचा. आता जयश्रीचं बाळ सुखरूप हाती यावं, आपल्यासारखं होऊ नये, एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. त्यापायी घरातलं एकही कुलूप राहू द्यायची त्यांची तयारी नव्हती.

पहिल्या वेळी जयश्री अंगणात आवळे किसत बसली होती. तिनं पोटाला हात लावला आणि "आई गं" म्हटलं. एवढंच म्हटलं. किसणी खाली ठेवायच्या आत मनकर्णाबाईंच्या हातात जुडगा होता.

"कवडू, बैलं सोड!" त्यांनी गड्याला हाक दिली आणि त्या घरात शिरल्या. पहिली पेटी उघडली, दुसरी उघडली, कणगीचं झाकण निघालं, ज्वारीच्या पोत्यांच्या सुतळ्या सुटल्या. पुंडलिकरावांच्या लाकडी कपाटाचं कुलूप निघालं तेव्हा आत कागदपत्रांच्या मागे संत्रा बर्फीचा डबा सापडला. पुंडलिकरावांना साखरेची बिमारी होती. डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं. या विषयावर बोलायला ती वेळ योग्य नव्हती म्हणून मनकर्णाबाई बोलल्या नाहीत, पण डबा त्यांनी पदराखाली घेतला.

पुंडलिकराव ओसरीवर येऊन म्हणाले, "कवडू, दमणीले बैलं जुंप. सौंसरच्या दवाखान्यात जा लागते."

"बैलं सोडले ना जी," कवडू म्हणाला.

"कोणं सांगतलं सोडाले?"

कवडूने घराकडे बोट केलं. बैल तोवर शेजारच्या शकुबाईंच्या तुरीत पोचले होते. बैलांना मोकळं सोडलं की ते तुरीत जातात, यात त्यांचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. कवडू बैलांमागे, पुंडलिकराव कवडूमागे आणि शकुबाई काठी घेऊन सगळ्यांमागे, अशी सारी मंडळी वावरभर पळाली. ओसरीवर जयश्री खांबाला टेकून उभी होती. ती म्हणाली, "आई, थांबलं वाटते." त्याच वेळी कणगीचं झाकण दाणकन पडलं आणि तिचं बोलणं कोणाला ऐकू आलं नाही.

बैल हाती लागल्यावर दमणी निघाली. सौंसरच्या सरकारी दवाखान्यात नर्सबाईंनी जयश्रीला आत नेलं, पोटावर हात ठेवून बराच वेळ बसल्या आणि सगळ्यांना घरी पाठवलं. त्याआधीच पुंडलिकरावांनी जावयाला तार केली होती. जावई सुधाकर पांढुर्ण्याच्या शाळेत भूगोल शिकवत. ते दाढी करून, चाचणी परीक्षेचे पेपर पिशवीत घालून बसने आले. मूल झालं नाही हे कळल्यावर त्यांनी चहा घेतला, पेपर तपासले आणि पुढच्या बसने परत गेले. सज्जन माणूस. जाताना एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी पक्कं झाल्यावर कळवा."

दुसऱ्या वेळी पुंडलिकरावांनी शहाणपणा केला. आधी बैल जुंपायचे, मग घर उघडायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. जयश्रीचं पोट पुन्हा आवळून आलं तेव्हा दमणी पटकन जुंपली गेली. पण शकुबाई तुरीचं नुकसान सांगायला आल्या होत्या, त्यांनी जुंपलेल्या बैलांकडे पाहून आक्षेप घेतला.

"सारं घर मोकळं केलं न् बैलं बांधून ठेवले का वं?"

"बांधले नाही, जुंपले हायेत," पुंडलिकराव म्हणाले.

"जोत्याची गाठ ते गाठ नोहे का?"

मनकर्णाबाईंनी क्षणभर विचार केला आणि बैल सोडायला लावले. सुदैवाने संत्र्याच्या व्यापाऱ्याची जीप बागेत आलेली होती. व्यापारी सौद्यासाठी आला होता. तो न बोलता पुढच्या सीटवर सरकला. जीपला गाठ नसते, हे शकुबाईंनीही मान्य केलं. जीप निघताना जयश्री म्हणाली, "पाणी पेल्यावर बरं वाटून राह्यलं, आई." मनकर्णाबाई म्हणाल्या, "बोलू नको, दम लागीन."

नर्सबाईंनी या खेपेला नुसतं परत पाठवलं नाही. त्यांनी आधी तपासलं, मग विचारलं, "कळ कुठून निघते?"

"पोटातूनच निघते, बाई," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"तुम्हाला नाही विचारलं."

"तिले काय समजते? तिची पहिलीच वेळ हाये."

नर्सबाईंनी सुस्कारा टाकला आणि सगळ्यांना बाकावर बसवून नीट समजावून सांगितलं. दिवस भरत आले की पोट मधूनच दगडासारखं कडक होतं. गर्भाशय सराव करत असतं म्हणा. ते पुढच्या बाजूने आवळतं, त्याला ताळतंत्र नसतो, कधी लवकर येतं, कधी कितीतरी वेळ येतच नाही. बाईने कूस बदलली, चार पावलं चालली, पोटभर पाणी प्यायली की निवतं. त्या खोट्या कळा. खऱ्या कळा कमरेतून उठतात आणि पुढे येऊन पोटाला वेढा घालतात. एक गेली की तिच्या पाठोपाठ दुसरी, जास्त जवळ आणि जास्त जोराची. चाला, झोपा, पाणी प्या, काही करा, त्या थांबत नाहीत. कळ आली की बाईला बोलता येत नाही. "अशा आल्या की या. आणि पाणी फुटलं किंवा लाल दिसलं, तर कळांची वाट पाहू नका, तसेच या," असं म्हणून त्या उठल्या.

साऱ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांत जास्त पुंडलिकरावांना पटलं. त्यांनी परतीच्या वाटेवर तेच व्याख्यान संत्र्याच्या व्यापाऱ्याला दिलं, दुसऱ्या दिवशी पारावर दिलं, आणि आठवडी बाजारात लोधीखेड्याच्या पाहुण्याला उभ्याउभ्या दिलं. पाहुणा वांगी घ्यायला आला होता. तिकडे पांढुर्ण्यात सुधाकरराव दुसऱ्या तारेवर आले आणि दुसऱ्यांदा रिकाम्या हाताने परतले. हेडमास्तर त्यांना म्हणाले, "सर, तुमची बायको आहे की वेळापत्रक नसलेली एसटी?" हे जावयाने सासऱ्यांना पत्रातून कळवलं. चेष्टा म्हणूनच कळवलं असावं.

गावाने तर ताळच सोडला. मनकर्णाबाई पाण्याला गेल्या की बाया विचारायच्या, "काय वं, आज कुलपं लागले हायेत ना?" शकुबाईंनी एक दिवस निरोप पाठवला की आता पुढच्या वेळी आधी सांगा, म्हणजे मी माझ्या तुरीला कुंपण घालते. आणि पुंडलिकराव, ज्यांनी इतकी वर्षं घरातल्या बाईच्या शब्दाला कधी आडकाठी घातली नव्हती, ते जेवताना म्हणाले, "आता पक्कं झाल्याबिगर एकही कुलूप निघणार नाही. कणगीत उंदरं झाले."

मनकर्णाबाईंनी पुढची भाकरी वाढली. पण त्यांना लागलं. स्वतःची लेकरं जिनं वाढवली तिला कळ ओळखता येत नाही, असं गावभर झालं. त्यांनी मनाशी ठरवलं की यापुढे फसायचं नाही.

त्यानंतर एका दुपारी घरात दोघीच होत्या. पुंडलिकराव आणि कवडू बागेत संत्र्याची तोड पाहत होते. मनकर्णाबाई ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. जयश्री मागच्या अंगणातून आली, दाराची चौकट धरून उभी राहिली, थोडी वाकली, मग सरळ झाली आणि पुन्हा अंगणात गेली. पुन्हा आली. पुन्हा चौकट धरली.

"काय झालं?" मनकर्णाबाईंनी मान वर न करता विचारलं.

"काही नाही. कंबर भरून येऊन राह्यली."

जुडग्याकडे मनकर्णाबाईंचा हात गेला होता. त्यांनी तो मागे घेतला. पाण्यावरच्या बाया आठवल्या, शकुबाईंचा निरोप आठवला. सुपातला एक खडा वेचून त्यांनी बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "खोट्या हायेत. काम करत राह्य, थांबतीन."

जयश्री "बरं" म्हणाली आणि केरसुणी घ्यायला वळली.

मनकर्णाबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. ते वाक्य त्यांनी आयुष्यात एकदाच ऐकलं होतं, आणि आता ते त्यांच्याच तोंडातून, त्याच सुरात निघालं होतं. त्या दिवशी आपणही "बरं" म्हटलं होतं आणि पुन्हा कापसाला हात घातला होता, हे त्यांना लख्ख आठवलं. आपल्याला माहीत होतं. वावरात उभं असतानाच कळलं होतं की हे निराळं आहे. कोणी विचारलं असतं तर सांगताही आलं असतं. कोणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय सांगायची आपली छाती झाली नाही. पेटी घरात होती, कोसभर लांब. बिचाऱ्या पेटीचा काय संबंध होता? त्यांना इतकं भरून आलं की सुपातली तूर दिसेना.

"जयश्री," त्या म्हणाल्या, "केरसुणी ठेव. इकडे ये. कसं होऊन राह्यलं ते सांग मले."

जयश्रीने आईकडे संशयाने पाहिलं. हा प्रश्न तिला नवा होता.

"पह्यल्या दोन खेपेसारखं नाही," ती म्हणाली. "तवा पुढून आवळत होतं. पाणी पेलं का जाये, कूस बदलली का जाये. मी तवाच सांगतलं होतं तुले, थांबलं म्हणून. आज सकाळपासून मी विहिरीपर्यंत चालून आली, पाणी पेली, डाव्या कुशीवर निजली. जात नाही. मागून निघते न् पुढं..." ती थांबली. तिनं आईचा खांदा धरला आणि बोटं रुतवली. ती बोलायला तोंड उघडत होती, पण शब्द येत नव्हता. कळ ओसरल्यावर ती म्हणाली, "पुढं येते. असं."

"सकाळपासून? मंग बोलली काहून नाही?"

"लोकं हासतेत, आई. तुले हासतेत."

मनकर्णाबाई ताडकन उठल्या. ओसरीच्या टोकावर जाऊन त्यांनी बागेच्या दिशेने अशी हाक मारली की तोडणाऱ्या माणसांनी हातातली संत्री खाली टाकली. "कवडू! दमणी जुंप! बैल सोडशीन तर पाह्य!"

दमणी जुंपली, गादी घातली, जयश्रीला चढवलं. मनकर्णाबाई तिच्या मागे बसल्या आणि मुठीने तिची कंबर दाबून धरली. बैल निघाले तेव्हा पुंडलिकराव धापा टाकत बागेतून आले. बायको कुलपं न काढता घराबाहेर पडते आहे हे पाहून तेच घाबरले.

"अवो, कुलपं राह्यले ना! किल्ल्या दे, मी उघडतो. कणगीही उघडतो."

"राहू द्या," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुम्ही गाडीत बसा."

वाटेत त्यांनी घराकडे एकदाही वळून पाहिलं नाही. भीती वाटत नव्हती असं मात्र नाही. पण प्रत्येक कळ उतरली की त्या लेकीला विचारत होत्या, "आता कुठी? वर का खाली?" आणि जयश्री सांगत होती. पुंडलिकरावांनी एकदा नर्सबाईंचं व्याख्यान सुरू करून पाहिलं. दोघींनी मिळून त्यांना गप्प बसवलं.

दवाखान्याच्या पायरीवरच नर्सबाई भेटल्या. त्यांनी मनकर्णाबाईंना ओळखलं आणि कपाळाला आठी घातली. मनकर्णाबाई यावेळी बाजूला झाल्या. जयश्रीने स्वतः सांगितलं. नर्सबाईंची आठी गेली. त्यांनी तिला आत नेलं, आणि लगेच दार लागलं.

नवराबायको बाहेरच्या बाकावर बसले. बऱ्याच वेळाने मनकर्णाबाई म्हणाल्या, "पेटीचं काही नव्हतं हो."

कुठल्या पेटीचं, हे पुंडलिकरावांनी विचारलं नाही. "मले ठाऊक होतं," ते म्हणाले.

"कवापासून?"

"पह्यलेपासून."

"मंग सांगतलं काहून नाही?"

पुंडलिकराव आपल्या चपलांकडे पाहत राहिले. "पेटीवर नसता गेला तर दोष मायवर गेला असता," ते म्हणाले. "माय होती ना ते माही."

मनकर्णाबाईंना राग आला. खूप राग आला. इतकी वर्षं तो मुलगा त्या स्वतःच्या कमरेच्या किल्लीशी बांधून फिरल्या होत्या, आणि शेजारी निजणाऱ्या माणसाला खरं माहीत होतं. त्या म्हणाल्या, "तुमची बर्फी म्या तवाच गड्याले देऊन टाकली." पुंडलिकरावांनी मान हलवली. मग आतून रडण्याचा आवाज आला, चांगला खणखणीत, आणि दोघंही रडायला लागले. मुलगी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात ऊन आलं होतं. जयश्री झोपली होती, बाळ तिच्या कुशीत होतं, आणि सुधाकररावांना तार गेली होती. तारेवर विश्वास ठेवावा की नाही या विचारात त्यांनी एक बस सोडली, असं मागून कळलं. शेजारच्या खाटेवर लोधीखेड्याची एक पोरगी आणून बसवली. सोबत तिची सासू आणि आणखी दोघी बाया होत्या. तिघी एकाच वेळी बोलत होत्या. एक म्हणे गॅस असेल, दुसरी म्हणे पोट अजून खाली उतरलं नाही. पोरगी खाटेची कड धरून गप्प बसली होती.

नर्सबाई दुसऱ्या खोलीत गुंतल्या होत्या. सासूने मनकर्णाबाईंचं पिकलं डोकं पाहिलं, मांडीवरचं दुपटं पाहिलं, आणि म्हणाली, "बाई, तुम्ही जाणत्या दिसता. जरा हात लावून पाहा ना. खऱ्या का खोट्या?"

मनकर्णाबाई उठल्या. पोटाला हात न लावता त्या खाटेजवळच्या स्टुलावर पोरीसमोर बसल्या.

"तुले काय वाटते, बाई?" त्यांनी विचारलं.

"तिले काय समजते," सासू म्हणाली.

"मी तिले इचारून राह्यली," मनकर्णाबाई म्हणाल्या. "सांग, बाई. मले घाई नाही."

पोरीने आधी सासूकडे पाहिलं, मग मनकर्णाबाईंकडे. तिचे डोळे भरून आले. मग ती जी बोलायला लागली, ती नर्सबाई येईपर्यंत थांबली नाही.